बालाघाटाचा माळ आणि नायगांवचे मोर

(धर्मग्रामाच्या सुवर्ण जुबिलीनिमित्त भरलेल्या सभेंत वाचलेलें व्याख्यान)



जुबिलीच्या दिवशीं व्याख्यात्यानें मागील पन्नास वर्षांचा वृत्तांत सांगावा, देणगीदारांचे आभार मानावे आणि खालीं बसावें, अशी चाल आहे. तो वृत्तांत आमच्यापेक्षां अधिक जाणत्या मंडळींनीं लिहून ठेवला आहे. चिटणिसांनीं आम्हांस विषय विचारला तेव्हां आम्हीं 'मोर' एवढेंच उत्तर दिलें, आणि ते कांहीं वेळ आमच्या तोंडाकडे पाहत राहिले. विषय मोराचा दिसला तरी तो या देवळामागच्या दोन एकरांचा आहे, हें पुढें ध्यानांत येईल.

आपल्या बीड जिल्ह्यांत, पाटोदा तालुक्यांत, बालाघाटाच्या रांगेवर नायगांव म्हणून गांव आहे. त्याच्या आसपासचें सुमारें तीस चौरस किलोमीटर रान १९९४ सालीं मोरांसाठीं अभयारण्य म्हणून राखण्यांत आलें. ताडोब्याच्या व्याघ्रप्रकल्पाचा नुसता गाभाच सव्वासहाशें चौरस किलोमीटरांचा. त्याच्यापुढें नायगांव म्हणजे परसांतला वाफा. तेथें वाघ नाहीं, हत्ती नाहीं, गगनचुंबी वृक्षांची राई नाहीं. उन्हाळ्यांत तेथें गेलेला मनुष्य पाहतो काय, तर तांबूस मुरूम, काळे धोंडे, वाळलेलें गवत आणि कांटे. येथें राखण्यासारखें तें काय आहे, असें तो विचारतो. आणि सकाळ होऊन पहिला केकारव कानीं पडेपर्यंत त्याला उत्तर मिळत नाहीं.

मोराशीं आपणां ख्रिस्ती लोकांचा परिचय जुना आहे. रोम शहराखालीं ज्या भुयारांत आपल्या पूर्वजांनीं आपले मृत पुरले, तेथील भिंतींवर मोराचीं चित्रें आहेत; तो अमरत्वाची खूण मानला जाई. संत अगस्तीन यांनीं तर, मोराचें मांस कुजत नाहीं ही समजूत खरी कीं खोटी, हें पाहण्यासाठीं कार्थेज नगरींत भोजनाला वाढलेल्या मोराचा एक तुकडा ठेवून देवविला होता. महिन्यानें त्याला दुर्गंध आली नव्हती व वर्षानें तो थोडा सुकला होता, असें त्यांनीं लिहून ठेविलें आहे. हा प्रयोग नायगांवांत करण्याच्या भानगडींत कोणीं पडूं नये. मोर १९६३ पासून आपला राष्ट्रीय पक्षी आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्याला मारणाऱ्याची गांठ तुरुंगाशीं आहे.

लहानपणीं आम्हीं सर्वांनींच पुस्तकांत मोरपीस जपून ठेविलें असेल व त्याला पिलें होतील म्हणून रोज पानें उलटून पाहिलीं असतील. पिसाला पिलें होत नाहींत. पिलें होण्यास कांटे लागतात. हें वाक्य जरा समजावून सांगितलें पाहिजे. आपण ज्याला मोराचा पिसारा म्हणतों तो त्याची शेपटी नव्हे. खरी शेपटी आंखूड असून ती पिसाऱ्याला मागून टेका देते. पिसारा म्हणजे तिच्यावरचीं वाढलेलीं सुमारें दोनशें पिसें, आणि तीं पावसाळा सरतां सरतां दरसाल गळून पडतात. नाचणें मोराचें, संसार सारा लांडोरीचा. ती उंच झाडावर घरटें बांधीत नाहीं. बोराटीच्या किंवा हेंकळाच्या जाळीखालीं जमिनींतच उथळ खळगा करते, त्यांत चारसहा अंडीं घालते आणि जवळ जवळ चार आठवडे त्यांवर बसते. मुंगूस, कोल्हा, गांवचीं मोकाट कुत्रीं ह्या सर्वांच्या आणि त्या अंड्यांच्या मध्यें त्या जाळीखेरीज दुसरी भिंत नसते. पिलें अंड्यांतून निघाल्यावर थोड्याच वेळांत आईच्या मागें धांवूं लागतात. पहिल्या दिवसांत त्यांना किडे लागतात आणि किडे गवतांत असतात. रात्रीं मात्र सर्व कुटुंबाला एखादा जुना उंच हिंवर, लिंब नाहीं तर पिंपळ झोंपण्यासाठीं लागतो. म्हणजे कांटा, गवत, चार मोठीं झाडें आणि उन्हाळ्यांत घोटभर पाणी, इतका मोराचा प्रपंच. यांतील एक वस्तु काढून घ्या, आणि मग फलकावर मोराचें कितीही सुंदर चित्र काढा!

आतां हा कांटेरी माळ खरोखर काय आहे तें थोडें पाहूं. आमच्यापैकीं पुष्कळांचा जन्म त्यावर गेला, म्हणूनच तो आम्हांस दिसत नाहीं. आश्विनांत पिवळा होणारा तरवड सर्वांस ठाऊक आहे. त्याच्या सालीनें चांभार कातडें कमावीत. तरवडाला शेळी सहसा तोंड लावीत नाहीं, म्हणून सर्व कांहीं चरून गेलेल्या रानांतही तो उभा असतो व त्याच्या आडोशानें दुसरीं रोपें तग धरतात. पळस फाल्गुनांत निष्पर्ण होऊन पेटतो, आणि पाण्याचा थेंब नसलेल्या त्या दिवसांत साळुंक्या, कोतवाल व खारी त्याच्या फुलांतील मधावर तुटून पडतात. हिंवर, खैर, बाभूळ, बोर, हिंगणबेट, नेपती, धावडा, मेडशिंगी — हीं सर्व झाडें मुरमाड जमीन आणि पावसाची दडी यांशीं पिढ्यान्पिढ्या करार करून बसलेलीं आहेत. नेपतीला तर पानेंही जवळ जवळ नाहींत. हिरव्या फांद्यांनींच ती आपलें अन्न करते, कारण पान म्हणजे पाणी उडविण्याचें साधन, आणि उधळपट्टी तिला परवडत नाहीं.

पण आमचें सर्वांत आवडतें झाड झाडच नव्हे. तें कुसळी गवत होय. धोतरांत, लुगड्यांत व मेंढ्यांच्या लोकरींत शिरणारें तें कुसळ आपण शिव्या देत उपटून फेंकतों. तें एकदां हातावर घेऊन त्यावर पाण्याचा थेंब सोडून पाहा. कुसळाची पिळलेली शेपटी जिवंत किड्याप्रमाणें उलगडूं लागते. सुकली म्हणजे पुन्हां पिळते. पहिल्या पावसाच्या ओल्या-सुक्या दिवसांत असें फिरत फिरत तें आपलें अणकुचीदार बीं गिरमिटासारखें जमिनींत रोवून घेतें. पेरणी करणारा नाहीं, तिफण नाहीं, बैल नाहीं. ज्या मुरमांत आमच्या कुदळीचें टोंक वांकतें त्यांत हें गवत स्वतःस पेरतें, आणि त्याच्या मुळ्यांनीं ती जमीन धरून ठेवतें.

त्या धरून ठेवण्याचें मोल आम्हां मराठवाड्यांतील लोकांना कोणीं सांगावयास नको. मांजरा नदीचा उगम ह्याच पाटोदा तालुक्यांतील बालाघाटांत आहे. तिच्यावरील धनेगांवचें धरण केज तालुक्यांत, व त्याचें पाणी लातूर शहर पितें. २०१६ च्या एप्रिलांत तें धरण कोरडें पडून लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें, हें आपण पाहिलें. दुष्काळाचीं कारणें अनेक आहेत. एका गवतावर सारें घालणें शहाणपणाचें नव्हे. तथापि उघड्या पडलेल्या मुरमावर पडलेला पाऊस आणि गवतावर पडलेला पाऊस यांत फरक काय, तो कोणत्याही शेतकऱ्यानें आपल्या बांधावर पाहिलेला आहे. एक धांवतो व माती घेऊन जातो, दुसरा मुरतो.

कांहीं वर्षांपूर्वीं वसईचे एक पाहुणे आमच्या घरीं आले होते. समुद्राकांठचा मनुष्य, नारळ, केळी आणि पानवेलींत वाढलेला. आम्हीं त्यांस मोठ्या हौसेनें माळ दाखविला. ते चोहोंकडे पाहून हळूच म्हणाले, "पण येथें तर कांहींच नाहीं." आम्हांस राग आला, पण अतिथि म्हणून गप्प बसलों. पुढें मुंबईस जाणें झालें तेव्हां त्यांनीं आम्हांस माहीमच्या खाडीजवळचें निसर्गोद्यान दाखविण्यास नेलें. वाटेंत मिठी नदीच्या कांठचीं तिवरें पाहून आम्ही सहज बोलून गेलों, "केवढा हा चिखल!" पाहुणे हंसले आणि म्हणाले, "फिटंफाट झाली."

त्या चिखलाची आणि त्या उद्यानाची हकीकत ऐकण्यासारखी आहे. धारावीला लागून सुमारें सदतीस एकरांची ती जागा म्हणजे मुंबईच्या केरकचऱ्याचा उकिरडा होता. कचरा टाकणें बंद झाल्यावर तेथें माती आणून पसरली, १९८३ सालीं झाडें लावण्यास आरंभ झाला, आणि १९९४ सालीं, म्हणजे नायगांवच्याच वर्षीं, तें लोकांस खुलें झालें. आज त्या जुन्या उकिरड्यावर दाट झाडी आहे, फुलपाखरें आहेत व खाडीवर उतरणारे पक्षी आहेत. जवळची तिवरें समुद्राचें खारें पाणी पितात, नको तें मीठ पानांवाटे बाहेर टाकतात, चिखलांतून बोटांसारखीं मुळें वर काढून श्वास घेतात, आणि माशांच्या व खेकड्यांच्या पिलांस आसरा देतात. हीं खाजणें कित्येक पिढ्या निरुपयोगी समजून बुजविलीं गेलीं. शेवटीं २००५ सालीं मुंबईच्या उच्च न्यायालयानें तिवरें तोडण्यास मनाई केली. २०१२ सालीं सरकारनें त्यांच्यासाठीं वनखात्यांत निराळी शाखा काढली. आणि २०२० सालीं पांढरी चिप्पी ह्या खारफुटीच्या झाडाला महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष म्हणून मान मिळाला. कोंकणपट्टीतील चिखलाचें भाग्य असें उघडलें. आमच्या माळाचें अद्याप उघडावयाचें आहे. केंद्र सरकारनें पडीक जमिनींचा जो नकाशासंग्रह प्रसिद्ध केला आहे त्यांत झुडपांचा माळ पडीक म्हणूनच दाखविलेला असतो. ज्याला पडीक म्हटलें त्याची कींव करून कोणी ना कोणी तेथें कांहीं तरी करावयास येतोच.

तसे आम्हीही एकदां आलों होतों. पंचवीस वर्षांपूर्वीं ह्याच धर्मग्रामाची रौप्य जुबिली झाली, तेव्हां ह्या देवळामागच्या दोन एकरांत बोराटी, तरवड व गवत माजलें होतें. पाहुण्यांस तें ओंगळ दिसेल म्हणून आम्हीं तरुणांनीं श्रमदान काढलें. तीन दिवसांत कुदळी व पहारींनीं सर्व साफ करून टाकलें, वाळलेल्या काट्यांची होळी केली आणि ओळीनें गुलमोहर, निलगिरी व गिरिपुष्प लावलें. फोटो निघाला. पहिला उन्हाळा आम्हीं घागरी वाहून झाडें जगविलीं, दुसऱ्या उन्हाळ्यांत निम्मीं गेलीं, तिसऱ्यांत विहीरच आटली. आज त्यांतील तीन गुलमोहर आणि कुंपणालगतचें गिरिपुष्प शिल्लक आहे, आणि मोकळ्या पडलेल्या जागेंत अमेरिकेहून आलेली वेडी बाभूळ व घाणेरी यांनीं ठाणें दिलें आहे. आम्ही जे साफ केलें तें पुन्हां पूर्ववत् आलें नाहीं. पूर्वीं पहांटेच्या मिस्सेला येतांना ह्या जागेंतून तित्तिराचा आवाज ऐकूं येत असे. म्हाताऱ्या मंडळींस आठवत असेल. त्या श्रमदानानंतर तो आम्हीं ऐकला नाहीं. हा दोष आमचा आहे, आणि तो येथें, त्याच जागेसमोर उभें राहून सांगावा असें फार दिवस मनांत होतें.

गुलमोहर मादागास्करचा, गिरिपुष्प मध्य अमेरिकेचें, निलगिरी ऑस्ट्रेलियाची. परदेशीं झाडांवर आमचा राग नाहीं. ज्या सीताफळानें आपल्या जिल्ह्याचें नांव केलें व ज्याला २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तेंही मूळचें अमेरिकेचेंच. पण तें बालाघाटांत असें रुळलें आहे कीं त्याला परकें म्हणण्याची आमची छाती होत नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर जिभेचीही तयारी नाहीं. प्रश्न झाड कोठून आलें हा नव्हे, तें कोणाची जागा घेतें हा आहे. तसेंच, झाडें लावूं नका असेंही आमचें म्हणणें नाहीं. २०२० च्या फेब्रुवारींत आपल्या बीडजवळ पालवणच्या डोंगरावर नट सयाजी शिंदे व त्यांच्या सोबत्यांनीं वृक्षसंमेलन भरविलें, त्याच्या अध्यक्षपदीं वडाचें झाड होतें, आणि अध्यक्षीय भाषण लांबलें अशी तक्रार कोणाचीच ऐकूं आली नाहीं. वड, पिंपळ, लिंब, हिंवर यांनीं उघडा डोंगर झांकावा, हें उत्तमच. मात्र जेथें गवताचें व झुडपांचें राज्य मुळांतच नांदत आहे तेथें खड्डे खणणें म्हणजे भरल्या घरांत बिऱ्हाड घुसविणें होय.

ह्याचा धडा पाहावयाचा असेल तर सोलापूर जिल्ह्यांत नान्नजला जावें. माळढोक पक्ष्यासाठीं तेथें १९७९ सालीं अभयारण्य झालें. माळढोकास उघडें गवताळ रान लागतें. झाडी त्याला मानवत नाहीं. माळ नांगरले गेले, कांहीं ठिकाणीं हिरवें करण्याच्या चांगल्या हेतूनें त्यांवर झाडेंही लावलीं गेलीं, विजेच्या तारा आल्या, आणि तो भला थोरला पक्षी महाराष्ट्रांतून जवळ जवळ नाहींसा झाला. त्याच माळांवर चिंकारा, लांडगा, खोकड, चंडोल, माळटिटवी यांचा संसार असतो. लांडगा म्हटला म्हणजे आपल्या मेंढपाळ बांधवांच्या कपाळास आंठी पडते, हें आम्ही जाणतों. परंतु ससे आणि रानडुकरें शेतांत शिरलीं म्हणजे त्याच लांडग्याची आठवण काढणारेही त्यांच्यांतच आहेत.

आतां शेतकरी बांधवांचें गाऱ्हाणें. आमचें व्याख्यान ऐकून कोणी मनांत म्हणत असेल, "ह्यांचें काय जातें! मोर माझी भुईमुगाची पेर उकरून खातो." खरें आहे, खातो. कोंवळा मोडही खातो, ज्वारीही टिपतो. त्याबरोबर तो वाळवी, नाकतोडे, उंदराचीं पिलें आणि लहान सापही खातो, पण तो हिशेब शेतकऱ्याच्या डोळ्यांना दिसत नाहीं व उकरलेली सरी दिसते. आमची विनंति एवढीच आहे कीं पेरणीच्या दिवसांत चार सकाळी पोरांना राखणीस बसवावें, कारण नुकसान बहुतेक त्याच दिवसांत होतें. विष लावलेलें बियाणें बांधावर उघडें टाकूं नये. कोठें कोठें मोरांचे थवेच्या थवे मेले ते बुद्ध्या घातलेल्या विषानें जितके, तितकेच निष्काळजीपणें सांडलेल्या बियाण्यानें. विहिरीला कठडा घालावा, तो माणसाच्या लेंकरांसाठींही लागतोच. आणि उन्हाळ्यांत बांध पेटवितांना वारा पाहावा. गवताला लागलेली आग लांडोरीला उडवून लावते. अंडीं उडत नाहींत.

फादरांच्या परवानगीनें एक गोष्ट धर्मशास्त्रांतील सांगतों. आज ज्या शब्दानें आपण हा सोहळा करीत आहों तो शब्द लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायांतला आहे. पन्नासावें वर्ष शिंग फुंकून पवित्र मानावें, त्या वर्षीं पेरूं नये, कापूं नये, असें तेथें सांगितलें आहे. त्याआधीं सातव्या वर्षाचा नियम आहे: भूमीला विसांवा द्यावा, आणि आपोआप जें उगवेल तें घरधन्याला, चाकराला, मजुराला, परक्याला, गुराढोरांना आणि रानांतील जनावरांना अन्न व्हावें. रानांतील जनावरें त्या पंगतींत नांवानिशीं बसविलेलीं आहेत! दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीं २०१५ सालच्या आपल्या विश्वपत्रांत सृष्टीच्या व्यवस्थेला बुरशी, शेवाळ, कृमि, कीटक व सरपटणारे प्राणीही लागतात असें लिहिलें, तेव्हां पुष्कळांना तें नवें वाटलें. पंक्ति जुनीच होती.

म्हणून आमची सूचना अशी आहे. सुवर्ण जुबिलीचें स्मारक म्हणून देवळामागच्या दोन एकरांत पुन्हां शंभर झाडें लावावीं व सिमेंटचे ठोकळे बसवून बाग करावी, असा विचार समितीपुढें आहे. त्याऐवजीं ती जागा सोडून द्यावी. सोडून देणें म्हणजे विसरणें नव्हे. त्यांत कामही आहे. वेडी बाभूळ व घाणेरी मुळासकट काढावी लागेल, आणि ती पुन्हां येईल व पुन्हां काढावी लागेल. शेळ्या दोन पावसाळे आंत सोडूं नयेत. गवत कार्तिकांत कापून ज्याला हवें त्यानें न्यावें, पण पेटवूं नये. कडेनें चार हिंवर व दोन लिंब एवढेंच लावावें, बाकी कुसळावर सोपवावें. दगडाचें एक उथळ डोणें ठेवून उन्हाळ्यांत त्यांत रोज दोन घागरी पाणी ओतावें. ह्या कामाची पाळी आमच्या घरापासून धरावी. खर्च कुंपणाच्या तारेचा. ज्यांना पंचवीस वर्षांपूर्वींचा फोटो काढून घ्यावयाचा आहे त्यांनीं तोही काढून घ्यावा, म्हणजे पुढच्या जुबिलीला ताडून पाहतां येईल.

ऊंसतोडीला गेलेलीं कुटुंबें घरीं परतल्यावांचून जुबिली करावयाची नाहीं, ह्या निर्णयामुळें हा समारंभ भर वैशाखांत होत आहे. उन्हाचा त्रास आहे, पण त्यामुळें एक गोष्ट घडली. मांडव घालण्यापूर्वीं जागा पाहतांना दफनभूमीच्या कुंपणाजवळ, उघड्या मुरमावर, माळटिटवीचीं चार अंडीं आढळलीं. तीं मुरमासारखींच ठिपकेदार असल्यामुळें आमच्या पायाखालीं जातां जातां वांचलीं. दोन्ही टिटव्या आळीपाळीनें बसतात. दुपारीं एक जण कोठून तरी पोटाचीं पिसें भिजवून येतो आणि अंडीं गार करतो. एवढ्या रणरणत्या उन्हांत तें पाणी कोठून येतें, हा शोध मुलांनीं लावला: फादरांच्या नळाखालच्या डबक्यांतून. मांडवाचा पश्चिमेकडील खांब त्या अंड्यांसाठीं पांच हात अलीकडे रोवला आहे, आणि त्यामुळें त्या बाजूच्या दोन रांगा उन्हांत आल्या आहेत. त्या रांगांत बसलेल्यांची आम्ही क्षमा मागतों, व जेवणाच्या पंगतीला त्यांना प्रथम बोलवावें अशी स्वयंसेवकांस विनंति करून आपली रजा घेतों.